जैसलमेरचा किल्ला आणि उताराचा नकाशा

रावळ जैसल याने ११५६ मध्ये वसवलेला जैसलमेरचा किल्ला थरच्या वाळवंटात, भोवतालच्या जमिनीहून सुमारे ७५ मीटर उंच असलेल्या त्रिकूट टेकडीवर उभा आहे. पर्यटकांच्या नकाशात त्यातील वाडे, जैन मंदिरे आणि उपाहारगृहे सापडतात, पण जमिनीचा उतार सापडत नाही. तो दाखवतो स्थलनिर्देशक नकाशा. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा त्यावर असतात. त्या दाटीने आल्या की चढ तीव्र आणि विरळ झाल्या की जमीन सपाट, असे समजावे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५० हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर अशी टेकडी मोजक्या रेषांत आटोपते, त्यामुळे किल्ल्यासाठी स्वतंत्र मोजणी लागते. ड्रोनने एकमेकांवर चढणारी असंख्य छायाचित्रे घेऊन त्यांतून उंचीचा आराखडा तयार करता येतो. मात्र छायाचित्रात गच्ची दिसते, तिच्याखालची जमीन दिसत नाही, आणि अरुंद गल्ल्यांत उपग्रहाचे संकेतही नीट पोहोचत नाहीत. तेथे टोटल स्टेशन, म्हणजे प्रकाशकिरणाने अंतर आणि त्याच वेळी कोन मोजणारे यंत्र, तिवईवर लावून एकेक बिंदू टिपावा लागतो. काम किचकट आहे, पण त्याला पर्याय नाही.

ही मोजणी तटबंदीबाहेर नेली की पाण्याचे जुने गणित उलगडते. वर्षाकाठी जेमतेम वीस सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात गडीसर तलाव भोवतालच्या उतारांवरून वाहून येणाऱ्या पाण्यावर भरत असे. पालीवाल ब्राह्मणांच्या गावांतील खडीनही याच तत्त्वावर चालत: उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. असा बांध दोन-तीन मीटरच उंचीचा असल्याने ढोबळ नकाशात तो हरवतो.

गडावर मात्र हेच मुरणारे पाणी शत्रू ठरले आहे. पूर्वी डोक्यावरून वाहून आणलेले पाणी माणसे जपून वापरीत. नळ आल्यावर सांडपाणी वाढले, ते वालुकाश्माखालच्या चिकणमातीच्या कच्च्या थरांत झिरपू लागले आणि काही बुरूज ढासळले. पाणी कोठून उतरते व कोठे साचते हे न मोजता केलेली बुरुजांची डागडुजी म्हणूनच अपुरी ठरते.