नजरेचा धक्का

टेबलावर कागदाची एक उभी नळी आहे. बाजूला एका तरुणाचा चेहरा, नळीकडे टक लावून पाहणारा. संगणकाच्या पडद्यावरचं हे चित्र बघून एवढंच सांगायचं, की नळी तिरकी करत नेली तर नेमकी केव्हा तोल जाऊन पडेल? कळ दाबत नळी कलवायची आणि आता पडणार असं वाटलं की थांबायचं. प्रिन्स्टन विद्यापीठात मायकेल ग्राझियानो आणि सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग. त्याचे निष्कर्ष २०१८च्या अखेरीस प्रसिद्ध झाले.

लोकांनी नळी चेहऱ्याच्या दिशेनं किंचित जास्त कलवली, उलट दिशेनं किंचित कमी. जणू समोरून येणारी नजर नळीला हलकेच रेटून धरते आहे! फरक एका अंशाहूनही कमी, पण चेहऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली की तोही गायब. याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. डोळे उघडे ठेवले, पण ‘हा नळीकडे नाही, पलीकडच्या भिंतीकडे बघतोय’ असं सांगितलं, तरीही नजरेचा जोर ओसरला. म्हणजे हिशेब नुसत्या बुबुळांचा नव्हता; त्या माणसाचं लक्ष कुठे आहे, याचा होता.

डोळ्यांतून काही बाहेर पडतं का, असं विचारल्यावर यांतल्या बहुतेकांनी सरळ नाही म्हटलं. प्रकाश डोळ्यांत येतो, हे अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमनं अकराव्या शतकातच दाखवलं होतं. त्याआधी प्लेटोपासून आपल्या नैयायिकांपर्यंत अनेकांना नेत्रातून किरण निघून वस्तूला भिडतो असंच वाटे. मीठ-मोहरीनं नातवाची दृष्ट काढणाऱ्या आजीला आपण हसतो खरे; पण आपला मेंदू गुपचूप तिच्याच बाजूचा निघाला.

तो असं का करतो? २०२०मध्ये याच गटाला मेंदूच्या स्कॅनमध्ये एक धागा मिळाला. चेहरा एखाद्या वस्तूकडे पाहताना दिसला, की हालचाल टिपणाऱ्या भागांत अशी खूण उमटते, जणू चेहऱ्याकडून वस्तूकडे काहीतरी वाहतं आहे. दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे कळणं महाकठीण. त्यापेक्षा ‘इकडून तिकडे’ असा एक बाण आखून ठेवणं सोपं. हा संशोधकांचा तर्क आहे, पण मला तो पटतो.

बाण आखायला मेंदू काय धरतो? डोळ्यातला काळा भाग. दृष्टीचे अभ्यासक पवन सिन्हा यांनी २००० साली अभिनेता हम्फ्री बोगार्टच्या फोटोची निगेटिव्ह दाखवून हे उघडं पाडलं. निगेटिव्हमध्ये पांढरं काळं होतं आणि बोगार्ट चक्क उलट्या बाजूला बघू लागतो. घरच्या कुणाचा तिरका बघतानाचा फोटो घ्या आणि मोबाइलवर त्याचे रंग उलटे करून बघा. गोम ठाऊक असूनही नजर उलटीच दिसते.

आणि डोळे नीट दिसलेच नाहीत तर? सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये नेमकं हेच तपासलं. चित्रातले डोळे जितके अस्पष्ट, तितके लोक अधिक वेळा म्हणाले, ‘हा माझ्याकडेच बघतोय.’