झी क्यू: मुलांसाठीचं 'अभ्यासू' चॅनल पाच वर्षंही का टिकलं नाही?

नोव्हेंबर २०१२. भारतातल्या लहान मुलांच्या टीव्हीवर एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. महिन्याच्या सुरुवातीला झी समूहाने 'झी क्यू' नावाचं नवं चॅनल आणलं. महिना संपता संपता बीबीसीने आपलं चिमुकल्यांचं चॅनल 'सीबीबीज' भारतातून गुंडाळलं.

एकाला जिथून निघून जावंसं वाटलं, तिथेच दुसऱ्याला संधी दिसत होती. पण २०१७ मध्ये 'झी क्यू'सुद्धा बंद झालं.

मुलं तर टीव्हीसमोरून उठत नाहीत, अशी प्रत्येक घरात तक्रार असते. मग मुलांचं चॅनल बंद पडतंच कसं? याचं उत्तर कार्टूनमध्ये सापडत नाही, ते केबलच्या वायरमध्ये आणि महिन्याच्या बिलात सापडतं.

आधी थोडं मागे जाऊया

भारतात मुलांसाठी वेगळं चॅनल ही कल्पना रुजवली कार्टून नेटवर्कने. १ मे १९९५ ला ते भारतात आलं. त्या काळातल्या मुलांना आठवत असेल, दिवसभर टॉम अँड जेरी आणि रात्र झाली की त्याच जागी टीएनटीवरचे जुने इंग्रजी सिनेमे. १९९९ मध्ये निकलोडियन आलं.

खरी गर्दी झाली ती २००४ मध्ये. जानेवारीत पोगो, जुलैमध्ये सोनीचं जपानी कार्टून दाखवणारं अ‍ॅनिमॅक्स, सप्टेंबरमध्ये यूटीव्हीचं हंगामा आणि डिसेंबरमध्ये डिस्ने. एका वर्षात चार चॅनल.

यातलं हंगामा हे भारतीय कंपनीने उभं केलेलं होतं. डोरेमॉन आणि शिनचॅन याच चॅनलमुळे आपल्या घरात आले. ते इतकं चाललं की २००६ मध्ये डिस्नेने सुमारे ३ कोटी डॉलर मोजून ते विकत घेतलं. मुलांच्या चॅनलमध्ये पैसा आहे, असा संदेश त्यातून बाजारात गेला.

मग २००८ मध्ये पोगोवर छोटा भीमची मालिका सुरू झाली. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचं हे कार्टून. धोतर नेसून लाडू खाणारा हिरो परदेशी पात्रांना भारी पडू शकतो, हे त्याने दाखवून दिलं. २०१२ मध्ये निकलोडियनने 'लोटपोट' मासिकातल्या मोटू-पतलूला टीव्हीवर आणलं. इथून पुढे स्पर्धेचं मैदानच बदललं.

झी क्यूमध्ये वेगळं काय होतं?

बाकीची चॅनल निव्वळ करमणूक देत होती. झी क्यूने करमणुकीतून शिक्षण द्यायचं ठरवलं. ४ ते १४ वयोगट आणि हिंदी-इंग्रजी मिश्र भाषा. 'टीनोव्हेशन', 'सायन्स विथ ब्रेन कॅफे', 'वर्ड मॅच' ही नावं वाचली तरी चॅनलचा रोख कळतो: विज्ञान, शब्द, प्रयोग, प्रश्नमंजुषा.

झी समूहासाठी हा विचार नवा नव्हता. 'किडझी' नावाच्या त्यांच्या बालवाड्या २००३ पासून होत्या, शाळाही होत्या. हिशेब सरळ होता. मुलांनी कार्टून बघितलं की आई-वडील चिडतात. मग ज्याच्यावर आई-वडीलच खूश होतील असं चॅनल द्यायचं. मुलाला रिमोट देताना घरच्यांना अपराधी वाटायला नको.

२०१५ मध्ये याच चॅनलवर 'बंदबुद्ध और बुडबक' आलं. शाळेत उचापती करणाऱ्या दोन पोरांची ही विनोदी मालिका. म्हणजे अभ्यासाचं चॅनलसुद्धा हळूहळू हास्याकडे सरकलं. कारण रिमोट शेवटी मुलाच्या हातात असतो. चॅनल आई-वडिलांना आवडलं म्हणून मूल ते बघेलच, असं होत नाही.

'पे चॅनल'ला खरंच पैसे मिळत होते का?

ही सगळी पे चॅनल, म्हणजे बघायचे पैसे द्यावे लागतात. पण गोची इथेच होती.

२०१२ च्या आधी बहुतेक घरांत अ‍ॅनालॉग केबल होती. केबलवाला वायर टाकायचा, महिन्याला एक ठरलेली रक्कम न्यायचा. त्या वायरीतून साधारण शंभरेक चॅनलच जाऊ शकत होती. चॅनलची संख्या मात्र कित्येक पटींनी वाढली होती. मग कुणाला जागा द्यायची हे केबलवाल्याच्या हातात आलं.

याचे दोन परिणाम झाले. एक, चॅनललाच उलटे पैसे मोजावे लागले. 'आमचं चॅनल तुमच्या वायरीत दिसू द्या' म्हणून जी रक्कम द्यावी लागायची, तिला कॅरेज फी म्हणतात. दोन, केबलवाला आपल्याकडे किती घरं आहेत हे पूर्ण सांगत नसे. हजार घरांकडून पैसे गोळा करायचे आणि वर दोनशे घरं दाखवायची, असा प्रकार सर्रास चालायचा. ग्राहकाने दिलेला पैसा चॅनलपर्यंत पोहोचेपर्यंत वाटेतच आटायचा.

मोठ्या मालिका किंवा क्रिकेट दाखवणारं चॅनल केबलवाल्याला दम देऊ शकतं. ते बंद पडलं तर गल्लीतली माणसं केबलवाल्याच्या दारात उभी राहतात. मुलांचं छोटं चॅनल गेलं तर रडतं फक्त मूल. त्याची दाद कोण घेणार?

डिजिटायझेशनवर लावलेली पैज

यावर उपाय म्हणून सेट-टॉप बॉक्स सक्तीचा करायचं ठरलं. २०११ मध्ये त्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली आणि चार टप्पे आखले गेले. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरं होती, मुदत ३१ ऑक्टोबर २०१२. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत झी क्यू आलं, हे लक्षात घ्या. बॉक्समुळे चॅनलची संख्या वाढवता येणार होती, घरं मोजता येणार होती आणि आपला वाटा आपल्याला मिळेल, अशी सगळ्यांना आशा होती.

पण महाराष्ट्र म्हणजे फक्त मुंबई नाही. दुसऱ्या टप्प्यात पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशी मोठी शहरं आली, मुदत मार्च २०१३. कोल्हापूरसारख्या शहरांचा नंबर तिसऱ्या टप्प्यात लागला, मुदत डिसेंबर २०१५. उरलेला ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात. त्याची मुदत वाढत वाढत मार्च २०१७ पर्यंत गेली.

म्हणजे काय झालं? डिजिटायझेशनच्या भरवशावर सुरू झालेल्या चॅनलला ते सगळीकडे पोहोचण्याची वाट बघत चार-साडेचार वर्षं काढावी लागली. आणि शेवटच्या टप्प्याची मुदत संपली त्याच वर्षी झी क्यू बंद झालं.

जाहिराती का पुरल्या नाहीत?

वर्गणी नाही मिळाली तर जाहिराती आहेतच, असं वाटेल. पण मुलांच्या चॅनलची इथेही अडचण आहे.

मूल स्वतः खरेदी करत नाही. त्यामुळे जाहिरातदार मर्यादित: बिस्किटं, चॉकलेट, दुधात घालायची पावडर, खेळणी, टूथपेस्ट, शाळेचं साहित्य. गाडी, विमा, सिमेंट, सोनं यांच्या जाहिराती तिकडे क्वचितच वळतात. जाहिरातीच्या मोसमातही मुलांची सुट्टी आणि शाळेची सुरुवात यांनाच जास्त महत्त्व.

त्यात शिक्षण देणारं चॅनल असेल तर कात्री आणखी घट्ट बसते. शुद्ध कार्टून वारंवार दाखवता येतं, मूल तोच भाग दहा वेळा बघतं. डब करून दुसऱ्या भाषेत नेता येतं. पात्र गाजलं की दप्तरावर, डब्यावर, राखीवर त्याचं चित्र विकता येतं. छोटा भीमने नेमकं हेच केलं. विज्ञानाच्या प्रयोगाचा कार्यक्रम दहा वेळा बघितला जात नाही आणि 'ब्रेन कॅफे'ची राखी कुणी बांधत नाही.

शिरोलीतल्या एका घराचं गणित

हे सगळं आपल्या घरात कसं दिसतं, यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टला जाणारा एक कामगार. बायको, दोन मुलं, आई. घरात टीव्ही एकच.

२०१७ मध्ये ट्रायने दरांची नवी पद्धत आखली आणि कोर्टकज्जे संपून फेब्रुवारी २०१९ पासून ती लागू झाली. त्यानुसार तेव्हा पहिल्या १०० चॅनलसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. ही झाली नुसती जोडणीची रक्कम. पे चॅनलचे पैसे वेगळे.

आता या घराने काय निवडायचं? आईला रात्रीच्या मालिका हव्यात, म्हणजे मराठी चॅनल आलीच. वडिलांना क्रिकेट. मुलांचा नंबर शेवटी. त्या वेळी पोगो महिना ४ रुपये २५ पैसे आणि निक ६ रुपये होतं. पैसे थोडेच, पण प्रत्येक चॅनल वेगळं निवडून घ्यायचं म्हटलं की 'एक असलं की बास' असं होतं. आणि एकच घ्यायचं असेल तर मुलं मोटू-पतलू मागणार, शब्दकोडी नव्हे.

म्हणून कंपन्या एकगठ्ठा पॅक विकतात. मोठ्या समूहाच्या पॅकमध्ये मुलांचं चॅनल आपोआप घरात येतं. पॅकमध्ये घट्ट बसलेलं चॅनल टिकतं. स्वतःच्या बळावर घरात शिरू पाहणारं चॅनल दारातच अडतं.

एकटं झी क्यूच नाही

२०१७ च्या एप्रिलमध्ये सोनीने मुलांसाठी 'सोनी ये' सुरू केलं आणि त्याच महिन्यात अ‍ॅनिमॅक्स बंद केलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेलं 'टूनामी' मे २०१८ मध्ये बंद झालं. 'जेटिक्स'चं २००९ मध्ये 'डिस्ने एक्सडी' झालं, २०१९ मध्ये त्याचं 'मार्व्हल एचक्यू' झालं आणि २०२२ मध्ये 'सुपर हंगामा'. जागा तीच, पाटी चार वेळा वेगळी.

परदेशातही हीच गत. ब्रिटनमध्ये डिस्नेने आपली मुलांची चॅनल सप्टेंबर २०२० मध्ये बंद केली आणि सगळा माल स्वतःच्या अ‍ॅपवर नेला.

भारतात मुलांना टीव्हीपासून दूर नेलं ते मोबाइलने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फुकट डेटासह. दोन महिन्यांनी यूट्यूब किड्स भारतात आलं. जेवताना मूल रडलं की त्याच्यासमोर मोबाइल धरायची सवय घराघरात लागली. ज्या आई-वडिलांसाठी झी क्यू बनवलं होतं, त्यांच्या हातात आता वेगळाच रिमोट होता.

मराठीचं काय?

आपल्यासाठी खरा प्रश्न इथे आहे. सन समूहाने २००७ मध्ये तमिळमध्ये 'चुट्टी', २००९ मध्ये तेलुगूत 'खुशी' आणि कन्नडमध्ये 'चिंटू', तर २०११ मध्ये मल्याळममध्ये 'कोचू' ही मुलांची चॅनल काढली. म्हणजे कोल्हापूरहून निपाणी ओलांडली की मुलांना स्वतःच्या राज्याच्या भाषेत चॅनल होतं, अलीकडे नव्हतं.

कारण? मराठी मुलांना हिंदी कळतं, असं चॅनलवाल्यांनी गृहीत धरलं. हिंदीतच काम भागत असेल तर मराठीवर वेगळा खर्च कोण करणार? त्यामुळे कोल्हापूरच्या जिल्हा परिषद शाळेतलं पोरसुद्धा खेळताना हिंदीत डायलॉग मारतं.

एक सरकारी प्रयत्न होता. पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' ही संस्था सुरू झाली. दूरदर्शनवर शाळकरी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम देणारी. पैशांअभावी ती वर्षानुवर्षं रखडत गेली आणि तीही २०१७ मध्येच बंद झाली. एक खासगी, एक सरकारी. एक बाजारावर चालणारं, एक अनुदानावर. शिकवणाऱ्या दोन्ही टीव्हींना एकाच वर्षी टाळं लागलं.

नंतर चित्र थोडं बदललं. एप्रिल २०२१ मध्ये 'ईटीव्ही बाल भारत' मराठीसह १२ भाषांमध्ये आलं. इतर चॅनलनीही मराठी आवाजाचा पर्याय द्यायला सुरुवात केली. पण मुळात मराठीत विचार करून बनवलेलं कार्टून अजूनही विरळाच. आपल्या मुलांना जे मिळतं ते बहुतेक डब केलेलं.

मग पैसे कोणी द्यायचे?

१४ नोव्हेंबर २०२४ ला, नेमकं बालदिनी, रिलायन्स आणि डिस्ने यांच्या भारतातल्या टीव्ही व्यवसायाचं विलीनीकरण पूर्ण झालं. त्यामुळे निक, सोनिक, डिस्ने आणि हंगामा एका छताखाली आले. एकमेकांशी भांडणारी चॅनल आता एकाच मालकाची. अशा वेळी सगळी ठेवायची की काही मिटवायची, हा निर्णय मालकाच्या ताळेबंदावर ठरतो.

मुलांचा टीव्ही तीनच खिशांतून चालतो: घरचा, जाहिरातदाराचा किंवा सरकारचा. झी क्यूच्या वेळी घरचा पैसा केबलच्या वाटेत अडकला होता आणि जाहिरातदाराचा मोटू-पतलूकडे वळला होता. बालचित्रवाणीच्या वेळी सरकारने हात आखडता घेतला. आता चौथा मार्ग आलाय, तो म्हणजे मोबाइलवरचं 'फुकट'. तिथे पैसे जात नाहीत, पण पुढचा व्हिडिओ कोणता लागणार हे माणूस ठरवत नाही. चॅनलमध्ये निदान कुणीतरी बसून ठरवायचं, की सकाळी सात वाजता चार वर्षांच्या मुलाने काय बघावं.

तुमच्या घरात मूल असेल तर या महिन्याच्या रिचार्जच्या यादीत एकदा डोकावून बघा. मुलांचं कोणतं चॅनल तुम्ही स्वतः निवडलंय, कोणतं पॅकमधून आपोआप आलंय आणि त्यातल्या कशावर मराठी आवाज मिळतो? रिमोटवरचं भाषेचं बटण दाबायला पैसे पडत नाहीत.