एक आराखडा, अनेक हात

परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत्केंद्राजवळून जाणाऱ्यास उंच धुराडीं आणि पाणी निवविण्याचे प्रचंड मनोरे दुरूनच दिसतात. १९७१ सालीं तेथें ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. पुढें २१० आणि त्यानंतर २५० मेगावॉटचे संच उभे राहिले. गोदावरीवरील खडका बंधाऱ्याचें पाणी आणि आगगाडीनें येणारा कोळसा यांची येथें गांठ पडते. पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेनें चाकें फिरून वीज निर्माण होते. एवढें आपण शाळेंत शिकलेले असतों. परंतु असें केंद्र जमिनीवर उभें राहण्यापूर्वीं तें आराखड्यांत कसें उभें राहतें, आणि त्या शेंकडों आराखड्यांचा मेळ कसा घातला जातो, याचा विचार आपण क्वचितच करतों. आपल्या घरांतील कित्येक मुलें-मुली आज पुण्या-मुंबईस संगणकापुढें बसून हेंच काम करीत आहेत. तीं नेमकें काय करतात हें वडील मंडळींनाही ठाऊक असावें, म्हणून आजचा हा विषय.

विद्युत्केंद्र असो कीं साखर कारखाना, त्याचा संपूर्ण आराखडा एका माणसाच्या हातून होत नाहीं. जमिनीची पातळी व पाया एक जण रेखाटतो. लोखंडी खांब आणि तुळया दुसरा. बॉयलर, पंप, टाक्या कोठें बसवावयाच्या हें तिसरा ठरवितो. त्यांना जोडणारे पाईप चौथा आंखतो आणि विजेच्या तारांचे मार्ग पांचवा. या पांचांचें काम अखेर एकाच जागेंत व्हावयाचें असतें. जेथें तुळई आहे तेथून पाईप जाऊं शकत नाहीं, आणि झडप फिरविण्यासाठीं जेथें माणसानें उभें राहावयाचें तेथें टाकी येतां कामा नये. म्हणून प्रत्येकाला इतर चौघांचें काम सतत डोळ्यांसमोर हवें असतें.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे नक्कल. पाईपवाल्यानें खांबांच्या आराखड्याची नक्कल घ्यावी आणि तिच्यावर आपले पाईप आंखावे. पहिल्या दिवशीं हें ठीक चालतें. परंतु आठ दिवसांनीं कांहीं कारणानें एक खांब अर्धा मीटर सरकवावा लागला, तर मूळ आराखड्यांत तो सरकतो आणि नकलेंत जेथल्या तेथें उभा राहतो. पाईपवाला प्रामाणिकपणें काम करीत असतो, त्याचें गणितही बरोबर असतें. पण जो खांब आतां तेथें नाहीं त्याला वळसा घालून तो खऱ्या खांबांतून पाईप नेतो! १९८२ सालीं तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतून लातूर जिल्हा वेगळा निघाला, त्या दिवशीं शाळांच्या भिंतींवरील जुने नकाशे कांहीं आपोआप बदलले नाहींत. नक्कल केव्हां शिळी झाली हें तिच्याकडे नुसतें पाहून कळत नाहीं, हाच तिच्यांतला मोठा धोका आहे.

संगणकावर आराखडे काढण्याची ‘ऑटोकॅड’ ही आज्ञावली १९८२ सालीं अमेरिकेंत निघाली. तिच्या १९९० सालच्या अकराव्या आवृत्तींत या अडचणीवर एक तोड आली. अभियंते तिला ‘एक्सरेफ’ म्हणतात. आपण ‘बाह्यसंदर्भ’ म्हणूं. कारखान्यांच्या आराखड्यांसाठीं याच घराण्यांत पुढें ‘प्लांट थ्री-डी’ ही आज्ञावली आली. तिच्या मोठ्या कामांचें तर बाह्यसंदर्भावांचून पानही हालत नाहीं.

ही कल्पना आपल्या जुन्या दुकानदारांना परकी वाटणार नाहीं. रोजकीर्दींत व्यवहार सविस्तर लिहिलेला असतो. खतावणींत रक्कम मांडून शेजारीं रोजकीर्दीचें पान दाखविलेलें असतें. तपशील हवा असेल त्यानें तें पान उघडावें. बाह्यसंदर्भांतही पाईपच्या आराखड्यांत खांब सांठविलेले नसतात; खांबांचा आराखडा कोठें आहे, त्याचा पत्ता तेवढा असतो. आराखडा उघडतांच संगणक त्या पत्त्यावर जातो आणि तेथें त्या घटकेला जें असेल तें आणून दाखवितो. पाईपवाल्याला खांब दिसतात, त्यांचीं अंतरें मोजतां येतात. बदल करण्याचा अधिकार मात्र रीतीप्रमाणें खांबवाल्याचाच. काम चालू असतां मूळ आराखडा बदलला तर तशी सूचना पडद्यावर येते, आणि ‘रीलोड’ म्हटलें कीं नवें रूप समोर येतें.

आतां सारी भिस्त पत्त्यावर आली. पत्ता दोन प्रकारचा असतो. एक पूर्ण पत्ता, म्हणजे जिल्हा, तालुका, गांव, गल्ली अशा धर्तीचा. दुसरा सापेक्ष, म्हणजे ‘आमच्या घरापासून तिसरें घर’ असा. सगळी गल्लीच उठून दुसऱ्या गांवीं वसली तर पहिला पत्ता फुकट जातो, दुसरा तसाच लागू राहतो. प्रकल्पाचें दप्तर एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणें हें नित्याचेंच. म्हणून सापेक्ष पत्ता सोयीचा, आणि ऑटोकॅडच्या २०१८ च्या आवृत्तीपासून तोच रूढ धरला आहे. पत्ता चुकला तर खांबांच्या जागीं त्या पत्त्याची कोरडी ओळ तेवढी दिसते. नवखा मनुष्य अशा वेळीं गोंधळून त्याच नांवाची दुसरी एखादी फाईल शोधून जोडून देतो, आणि मागल्या दारानें शिळी नक्कल पुन्हां घरांत येते. खरा उपाय पत्ता दुरुस्त करण्याचा. प्लांट थ्री-डीमध्यें प्रकल्पाची स्वतःची नोंदवही असते. तेथें आराखड्याचें नांव बदलणें किंवा त्याला हलविणें तें प्रकल्पाच्या खिडकींतूनच करावें. परस्पर फोल्डर उघडून केलें तर नोंद एकीकडे आणि वस्तु दुसरीकडे अशी स्थिति होते. शिवाय सर्वांनीं आरंभींच एक शून्यबिंदु ठरवून घेतला पाहिजे. नाहीं तर सर्व पत्ते बरोबर असूनही पाईप एकीकडे आणि खांब भलतीकडे दिसतील.

जोडण्याच्याही दोन रीती आहेत. ‘अटॅच’ म्हणजे लग्नपत्रिकेंतील सहकुटुंब सहपरिवार आमंत्रण. खांबांच्या आराखड्याला पाया अशा रीतीनें जोडला असेल, तर खांब ज्याच्या घरीं जातील तेथें पायाही मागोमाग जातो. ‘ओव्हरले’ केलेला पाया खांबवाल्याला दिसतो, परंतु खांबांबरोबर तो दुसऱ्याच्या घरीं जात नाहीं. पांच जण एकमेकांना सरसकट सहकुटुंब बोलावूं लागले तर एकच पाहुणा तीन वाटांनीं येतो, आणि ‘अ’ मध्यें ‘ब’ व ‘ब’ मध्यें पुन्हां ‘अ’ असें चक्र सुरू होतें. म्हणून परस्परांचें काम नुसतें पाहण्यापुरतें हवें असेल तेथें ओव्हरले बरा. तसेंच, संदर्भ कांहीं काळ नको असेल तर तो ‘अनलोड’ करावा. पत्ता शिल्लक राहतो. ‘डिटॅच’ केल्यास पत्ताही पुसला जातो. ‘बाइंड’ म्हणजे परका आराखडा आपल्यांत कायमचा मिसळून टाकणें. चालू कामाच्या मूळ आराखड्यावर ही क्रिया करूं नये, कारण त्या क्षणापासून ती नक्कलच झाली.

येथें एक शंका कोणीही विचारील. जिवंत संदर्भ इतका चांगला, तर मग सर्व कांहीं जिवंतच कां ठेवूं नये? याचें उत्तर कचेरीच्या बाहेर आहे. कारखान्याच्या जागेवर पाईप जोडणाऱ्या वेल्डरच्या हातांत बहुधा छापलेला कागद असतो. तो काल छापला असेल तर आज कचेरींत सरकलेला खांब त्याला दिसत नाहीं. उलट, कोणाचें अर्धवट काम दुपारीं पडद्यावर दिसलें म्हणून तें पक्कें झालें असेंही नाहीं. यासाठीं बाहेर जाणारा प्रत्येक संच सर्व संदर्भांसह एकत्र बांधून द्यावा, त्यावर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक घालावा, आणि नवा संच गेला कीं जुना परत मागवून त्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारावा. आंत सर्वांना एकच चालती वही, बाहेर तारखेनिशीं गोठविलेलें पान: या दोहोंची गल्लत झाली कीं पोलाद कापावें लागतें, दिवस वायां जातात, आणि उंचावर चढून तेंच काम दुसऱ्यांदा करण्याचा धोका एखाद्या गरीब कारागिराच्या वांट्याला येतो.

म्हणून अशा कामावरील मुलाला घरच्यांनीं ‘तूं काय काढतोस’ एवढेंच विचारूं नये. ‘मूळ कोणाकडे आहे, तें कोठें ठेवलें आहे, आणि बाहेर दिलेल्या कागदावर तारीख आहे ना’ हेंही विचारावें. या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्याला न अडखळतां देतां आलीं, तर त्याच्या कचेरीचें काम नीट चाललें आहे असें समजावयास हरकत नाहीं.