सहा अणुबाँब आणि एक हिशेब

२४ मार्च १९९३ रोजीं दक्षिण आफ्रिकेचे तत्कालीन अध्यक्ष डी क्लार्क यांनीं आपल्या पार्लमेंटपुढें एक विलक्षण कबुली दिली. आपल्या देशानें गुप्तपणें सहा अणुबाँब तयार केले होते, सातव्याचें काम चालू होतें, आणि आतां हें सर्व मोडून टाकण्यांत आलें आहे, असें त्यांनीं जाहीर केलें. युक्रेन, बेलारूस व कझाकस्तान यांनींही अण्वस्त्रें सोडलीं आहेत. पण तीं सोव्हिएट संघ मोडल्यावर त्यांच्या भूमीवर राहिलेलीं होतीं. स्वतः घडविलेले सर्व बाँब स्वतःच मोडणारें राष्ट्र आजवर हें एकच.

हे बाँब झाले कसे, तें प्रथम पाहूं. खाणींतून निघणाऱ्या युरेनियमच्या दर हजार भागांत बाँबाच्या कामाचे सुमारें सातच भाग असतात. ते निवडून एकत्र करणें हेंच यांतलें खरें अवघड काम. प्रिटोरिया शहराजवळ पेलिंदाबा म्हणून ठिकाण आहे. तेथील परिसरांतील कारखान्यांत हें काम १९९० च्या आरंभापर्यंत चाले. एका बाँबास असें सुमारें ५५ किलो युरेनियम लागे. घडण साधी, १९४५ सालीं हिरोशिमावर पडलेल्या बाँबाच्या जातीची. कलहारीच्या वाळवंटांत चाचणीसाठीं खोल विवरेंही खणलीं होतीं. १९७७ सालीं रशियाच्या उपग्रहानें तीं हेरलीं व जगभर बभ्रा झाला.

मग हे बाँब सोडले कां? अंगोलांतून क्यूबाचें सैन्य परत नेण्याचा करार १९८८ अखेर झाला व बाहेरची धास्ती सरली, असें सरकारनें सांगितलें. बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या हातीं राज्य जाण्यापूर्वीं हीं शस्त्रें नाहींशीं करावीं असा गोऱ्या सत्ताधाऱ्यांचा हेतु होता, असेंही पुष्कळांचें मत आहे. आणि मला तें खोटें वाटत नाहीं. तथापि हेतु कांहींही असो, बाँब मोडले गेले हें खरें.

१० जुलै १९९१ रोजीं तो देश अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारांत सामील झाला. हा करार १९६८ सालीं सह्यांसाठीं खुला झाला व १९७० सालीं अमलांत आला. त्याअन्वयें पांच राष्ट्रांखेरीज इतरांनीं अण्वस्त्रें न करण्याचें वचन द्यावयाचें, आपले कारखाने व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्थेच्या तपासनिसांस खुले करावयाचे, आणि त्या पांचांनीं निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणें करावयाच्या. हें शेवटचें वचन फारच सावकाश पाळलें जात आहे. एकास मोकळीक व दुसऱ्यास बंधन ही विषमता अमान्य असल्यानें आपल्या देशानें या करारावर सही केलेली नाहीं.

आतां खरी अडचण पुढें येते. एखादी वस्तु आपल्यापाशीं आहे हें दाखविणें सोपें. ती नाहीं हें दाखवावयाचें कसें? ज्या विद्यार्थ्यानें वसतिगृहाच्या कोठीचा हिशेब ठेविला आहे, त्यास याचें उत्तर सुचेल. गहूं किती आले, पीठ किती झालें, कोंडा किती निघाला, याचा मेळ बसला पाहिजे. तपासनिसांनींही हेंच केलें. कारखान्यांत युरेनियम किती गेलें, निवडलेलें किती निघालें, व टाकाऊ म्हणून बाजूस काढलेल्यांत किती उरलें, याची त्यांनीं बेरीज मांडली. पहिल्या खेपेस ती जुळेना! तेव्हां कारखान्याच्या वर्षानुवर्षांच्या दैनिक नोंदी काढून, तेथें काम केलेल्या लोकांस विचारून, एकेक दिवसाचा हिशेब पुनः लावावा लागला. त्यांत भर अशी, कीं बाँबांचे पुष्कळसे कागद सरकारनें कबुलीपूर्वींच नष्ट केले होते. बाँबाची कृति इतरांच्या हातीं पडूं नये हें खरें. पण त्यामुळें निर्दोषपणाचा पुरावाही जळाला. कलहारींतील विवरें मात्र १९९३ सालीं तपासनिसांच्या डोळ्यांदेखत बुजविण्यांत आलीं. अखेर संस्थेनें निर्णय दिला, तो मोजक्या शब्दांत: कांहीं दडविलें आहे असें दर्शविणारें कांहीं आढळलें नाहीं. याहून अधिक म्हणणें प्रामाणिक तपासनिसास शक्यही नव्हतें.

पुढें १९९६ सालीं आफ्रिका खंड अण्वस्त्रमुक्त ठेवण्याच्या करारावर कैरो येथें सह्या झाल्या व २००९ सालीं तो अमलांत आला. त्यास पेलिंदाबाचेंच नांव दिलेलें आहे. बाँबांतून काढलेलें युरेनियम मात्र नाहींसें झालेलें नाहीं. तें वितळवून साठविण्यांत आलें. पुढें त्यांतील कांहीं रोगनिदानास लागणारे किरणोत्सर्गी पदार्थ करण्यांत खर्च झालें, आणि उरलेल्याची मोजदाद करावयास व्हिएन्नाचे तपासनीस अद्यापि तेथें जातात.