मुळशीचा भगत

सह्याद्रीच्या कुशीतल्या मुळशी तालुक्यात महादेव कोळी आणि कातकरी वस्त्यांचा जाणता माणूस म्हणजे भगत. देवाला कौल लावणे, आजाऱ्याची बाधा उतरवणे ही त्याची कामे. त्याचबरोबर खोकल्याला अडुळसा, हगवणीला कुड्याची साल ही जंगलाची ओळखही त्याच्याकडे असते. पूजा आणि औषध त्याच्या हाती वेगळी राहत नाहीत. गावदेवाची नित्य पूजा मात्र बहुतेक गावांत गुरवाकडे, बाळंतपण सुईणीकडे.

हवाई बेटांवरचा ‘कहुना’ असाच. फरक एवढाच की तिथे रोग बरे करणारा, प्रार्थना करणारा आणि होडी घडवणारा असे तिघेही कहुनाच. कसबाचा मान पुरोहिताइतकाच.

भगताच्या ज्ञानाची नोंद व्हायलाच हवी, कारण त्यातले बरेच देवराईतल्या झाडांशी जोडलेले आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा श्रद्धेने राखलेले हे रान जगापुढे आले.

सर्पदंशावर मात्र मंत्र चालत नाही. साप चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अशा रुग्णाला प्रतिविष असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे.