डिस्कचा संच आणि काळ्या पडद्यावरचे हुकूम

आज यंत्रमागाचा कारखाना असो की ठोक कापडाची पेढी, रोजमेळ, खतावणी, उधारीच्या याद्या आणि डिझाइनच्या फाइली संगणकातच राहतात. २०१७ साली जीएसटी आल्यापासून कायद्याने वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपुढे ७२ महिने हिशेब सांभाळावा लागतो. आणि हे सगळे ज्या डिस्कवर असते, ती फिरणारी यंत्राची वस्तू आहे, ती एक दिवस बंद पडणारच. म्हणून बरेच व्यापारी बंधू आता दोन, तीन, चार डिस्कचा संच बसवून घेतात. बसवणारा पैसे घेऊन जातो, पण संच पुढे कसा सांभाळायचा हे सांगत नाही. तेच आम्ही येथे सांगणार आहोत.

या पद्धतीला 'रेड' म्हणतात. १९८८ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ती एका निबंधात मांडली. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क जोडाव्यात, असा त्यांचा मुद्दा होता. नावातला 'आय' त्या स्वस्तपणाचाच होता. पुढे विकणाऱ्यांनी त्याचा अर्थ 'स्वतंत्र' असा करून टाकला. स्वस्त हा शब्द दुकानदाराला परवडत नाही, हे आपणांस सांगायला नको.

सर्वांत सोपा प्रकार रेड १. दोन डिस्कवर एकच मजकूर, म्हणजे दोन वह्यांत एकच नोंद. ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तर वापरायला ४ च मिळतात. रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात. पहिल्या वहीत एक रक्कम, दुसरीत दुसरी आणि तिसरीत दोघांची बेरीज, असे समजा. कोणतीही एक वही हरवली तरी उरलेल्या दोघींवरून ती काढता येते. ही 'बेरीज' एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर फिरती ठेवतात. ४ टेराबाइटच्या तिघांत ८ मिळतात. लहान पेढीला आमच्या मते रेड १ पुरे. त्यातली एक डिस्क एकटीसुद्धा वाचता येते, हा मोठा फायदा.

लिनक्सवर हा संच सांभाळणारे हत्यार म्हणजे 'एमडीएडीएम', नील ब्राउन यांनी लिहिलेले. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. पुष्कळांना याची धास्ती वाटते. आम्हाला उलट ते सोयीचे वाटते. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला इंग्रजी मेनूच्या जंगलापेक्षा पाच-सहा ठरलेले शब्द बरे. ते वहीत लिहून ठेवता येतात, परगावच्या जाणकाराला फोनवर जसेच्या तसे वाचून दाखवता येतात.

पहिला हुकूम 'कॅट', आणि पुढे प्रॉक फोल्डरातील 'एमडीस्टॅट' या फाइलचे नाव. त्याने काही बिघडत नाही, फक्त हालहवाल कळतो. तीन डिस्क ठीक असतील तर चौकटी कंसात तीन 'यू' दिसतात. एखाद्या 'यू'च्या जागी खालची आडवी रेघ दिसली, की ती डिस्क गेली.

खरा धोका येथेच आहे. एक डिस्क गेली तरी संच चालूच राहतो. बिले निघतात, हिशेब उघडतो, कोणाला पत्ताही लागत नाही. महिन्यांनी दुसरी जाते आणि मग सगळेच जाते. एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेतलेल्या डिस्क तर बरोबरीने थकण्याचा संभव असतो. म्हणून 'मॉनिटर' चालू करून ईमेलचा पत्ता द्यावा, आणि 'टेस्ट' लावून चाचणीचे पत्र खरोखर येते का तेही पाहावे.

डिस्क बदलायची तर क्रम असा: 'डिटेल' लावून कोणती गेली ते पाहा, 'फेल'ने तिला बाद करा, 'रिमूव्ह'ने संचातून काढा, नवी बसवा, 'ॲड'ने सामील करा. प्रत्येक शब्दाआधी दोन आडव्या रेघा. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. 'रिमूव्ह' चालू डिस्कला हात लावत नाही, नकार देतो. पण अखंड संचातील चांगल्या डिस्कचे नाव 'फेल'ला दिले तर तो पुन्हा विचारत नाही. शिवाय 'एसडीबी', 'एसडीसी' ही नावे संगणक बंद-चालू केल्यावर बदलू शकतात. आमच्या ओळखीच्या एका पेढीत कारागिराने खोक्यातल्या डिस्क उलट्या टोकाने मोजल्या आणि चांगलीच उपसली. संच तिथेच थांबला. म्हणून 'स्मार्टसीटीएल'ने सीरियल नंबर काढून तो डिस्कवरील चिठ्ठीशी ताडावा, मगच हात घालावा. आणि संच अडला तर 'क्रिएट' हा शब्द कोणी सुचवला तरी वापरू नये. तो जुन्या संचावर नव्या खुणा लिहितो. आधी जाणकाराला दाखवावे.

नवी डिस्क भरायला वेळ लागतो. सेकंदाला १०० मेगाबाइट धरले तरी ४ टेराबाइटला ११ तास. तोवर रेड ५ मध्ये आणखी एक डिस्क गेली तर इलाज नाही. यूपीएस चालू हवा.

संच फक्त डिस्कच्या मरणापासून वाचवतो. नोकराने चुकून फाइल पुसली किंवा व्हायरसने कुलूप घातले, तर ते सगळ्या डिस्कवर त्याच क्षणी लिहिले जाते. त्यासाठी वेगळ्या डिस्कवर नक्कल करून ती काढून दुसरीकडे ठेवावी. डेबियन आणि उबुंटूवर महिन्याच्या पहिल्या रविवारी संचाची तपासणी आपोआप सुरू होते. त्या दिवशी संगणक सुस्त वाटला तर घाबरून बंद करू नये, एमडीस्टॅट पाहावे. तेथे 'चेक' आणि टक्केवारी दिसेल.