उपभूजल संरक्षण कायदा : पाणी, जमीन आणि हवा यांचा गुंता

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शेती, पाणी आणि जमीन हे तिन्ही विषय राज्यसूचीत अनुक्रमे १४, १७ व १८ या क्रमांकांवर आहेत. वने व वन्यजीव हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. ‘पर्यावरण’ असा स्वतंत्र उल्लेख मात्र कोणत्याच सूचीत आढळत नाही. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा संसदेने अनुच्छेद २५३ चा आधार घेऊन संमत केला. परिणामी शेतातील पाणी राज्याच्या कायद्याखाली, तर शेतावरील हवा प्रामुख्याने केंद्राच्या कायद्याखाली येते. या विभागणीमुळे कोणते प्रश्न उद्भवतात, हे पंजाब व हरियाणाच्या २००९ च्या कायद्यांवरून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

पंजाबात १९६०-६१ मध्ये भाताखालील क्षेत्र जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर होते. हरितक्रांतीनंतर किमान आधारभूत किंमत आणि सरकारी खरेदीची खात्री यांमुळे भात हे या गव्हाच्या प्रदेशातील खरिपाचे मुख्य पीक बनले व त्याचे क्षेत्र वाढत गेले. सिंचनाचा भार कालव्यांवरून कूपनलिकांवर आला. १९९७ पासून, मधला काही काळ वगळता, शेतीपंपांना वीज मोफत मिळू लागली. साहजिकच पाणी उपसण्याचा खर्च शेतकऱ्याच्या हिशेबातून जवळपास नाहीसा झाला.

कायद्याची बाजूही उपशाला अनुकूल होती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेल्या धारणेनुसार जमिनीखालील पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाकडे असतो. लाखो पंपांवर मीटर बसवून उपसा मोजणे हे प्रशासकीय व राजकीयदृष्ट्या अवघड होते. म्हणून राज्याने पाणी मोजण्याऐवजी पिकाचे वेळापत्रक नियंत्रित करण्याचा मार्ग निवडला.

कायद्यातील तरतुदी

पंजाबने २००८ मध्ये अध्यादेश काढला आणि २००९ मध्ये त्याचे ‘पंजाब उपभूजल संरक्षण कायदा’ या स्वरूपात रूपांतर केले. त्यानुसार १० मेपूर्वी भाताची रोपे टाकण्यास आणि १० जूनपूर्वी लावणी करण्यास मनाई करण्यात आली. उल्लंघन करणाऱ्यास दरमहा प्रतिहेक्टर १०,००० रुपये दंड होऊ शकतो. मुदतीपूर्वी लावलेले पीक शेतकऱ्याच्या खर्चाने नष्ट करण्याचा अधिकारही अधिकाऱ्यांना देण्यात आला. हरियाणानेही त्याच वर्षी कायदा करून या तारखा अनुक्रमे १५ मे व १५ जून अशा ठरविल्या.

या तरतुदींमागील शास्त्रीय तर्क साधा आहे. मे व जूनच्या पूर्वार्धात या प्रदेशाचे तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या अखेरीस पोहोचतो. या काळात चिखलणी करून शेतात साठविलेल्या पाण्याचा काही भाग जमिनीत मुरून भूजलात परत जातो. पण बाष्पीभवनाने हवेत गेलेले पाणी त्या भूजलाला कायमचे अंतरते. लावणी पुढे ढकलल्यास हीच खरी हानी कमी होते.

अंमलबजावणीही तुलनेने सुकर ठरली. मुदतीपूर्वी लावलेले शेत रस्त्यावरूनही दिसते. शिवाय भातासाठीचा आठ तासांचा वीजपुरवठा लावणीच्या तारखेशी जोडलेला असल्याने कायद्याचे पालन करणे शेतकऱ्याच्याही सोयीचे झाले.

अनपेक्षित परिणाम

लावणी उशिरा झाल्याने कापणीही लांबली. गव्हाची पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत व्हावी लागते. उशीर झाल्यास उत्पादन घटते. त्यामुळे दोन पिकांमध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे उरू लागले. कापणी यंत्राने होत असल्याने शेतात धसकटे व पेंढा शिल्लक राहतो. तो हटविण्यास वेळ, मजूर व यंत्रे लागतात. जाळण्यास केवळ काडी पुरते.

पेंढा जाळण्याची पद्धत २००९ पूर्वीही होती. परंतु आगी आता अधिक उशिरा आणि कमी दिवसांत एकवटून लागू लागल्या. हा काळ वारे मंदावण्याचा आणि थंडी वाढण्याचा असल्याने धूर जमिनीलगत साचतो. उत्तर भारतातील हिवाळी प्रदूषणाला वाहने, उद्योग, धूळ इत्यादी अनेक कारणे आहेत. तथापि पाणी वाचविण्यासाठी केलेल्या बदलाने त्यात भर टाकली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र व लगतच्या भागांसाठी हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाचा कायदा केला. अशा रीतीने एकाच शेताविषयी पाण्यासाठी राज्याचा आणि धुरासाठी केंद्राचा असे दोन स्वतंत्र कायदे निर्माण झाले.

पाण्याच्या आघाडीवरील यशही मर्यादितच राहिले. २००९-१० मध्ये पंजाबात भाताखाली सुमारे २८ लाख हेक्टर क्षेत्र होते. २०२२-२३ पर्यंत ते ३१ लाख हेक्टरांच्या वर गेले. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनानुसार राज्यातील उपसा उपलब्ध भूजलाच्या सुमारे १६४ टक्के होता आणि १५३ पैकी ११७ गट अतिशोषित होते. कायद्याने प्रत्येक हेक्टरामागील हानी कमी केली, पण हेक्टरांची संख्या त्याच्या कक्षेत नव्हती.

पुढील दिशा

लावणीची तारीख ही दोन गरजांमधील रस्सीखेच बनली आहे. पंजाबने ती २०१८ मध्ये २० जून केली, २०१९ मध्ये १३ जूनवर आणली आणि २०२५ मध्ये विभागवार १ जूनपासून लावणीस परवानगी दिली. ऑक्टोबरमधील खरेदीच्या वेळी धान्यात ओलावा कमी राहावा, हा या निर्णयामागील हेतू सांगण्यात आला. परंतु तारीख अलीकडे आली की बाष्पीभवनाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

ही कोंडी फोडण्याचा एक मार्ग वाणांच्या निवडीतून जातो. सुमारे १६० दिवस घेणाऱ्या ‘पुसा-४४’ ऐवजी सुमारे १२५ दिवसांत तयार होणारे ‘पीआर-१२६’ घेतल्यास उशिरा लावणी करूनही गव्हासाठी वेळ मिळतो. दुसरा मार्ग पीकबदलाचा आहे. हरियाणाने २०२० मध्ये ‘मेरा पानी मेरी विरासत’ योजनेद्वारे भात सोडून अन्य पीक घेणाऱ्यास एकरी ७,००० रुपये देऊ केले. मात्र पर्यायी पिकाला भाताइतकीच खरेदीची हमी नसेल, तर अशा अनुदानाचा प्रभाव अल्पकाळ टिकतो. पंजाबने २०२० मध्ये जलसंपत्ती नियमनाचा कायदा केला. परंतु त्याखालील २०२३ च्या भूजल उपसा निर्देशांतून शेती वगळण्यात आली. म्हणजेच सर्वांत मोठा उपसा शुल्काबाहेरच राहिला.

राज्याचा कायदा एका साध्या तारखेच्या आधारे लाखो शेतकऱ्यांचे वर्तन बदलू शकतो, हे २००९ च्या अनुभवाने सिद्ध केले. परंतु वीजदर, हमीभाव आणि पीकरचना पूर्ववत राहिल्यास एका संसाधनावरील ताण दुसऱ्या संसाधनावर सरकतो. म्हणून पाण्याचा कायदा करताना त्याचा जमिनीवर व हवेवर होणारा परिणाम आधीच तपासणे आणि केंद्र व राज्य यांनी त्याचे एकत्रित नियोजन करणे, हाच या अनुभवाचा खरा बोध होय.